क्षणांचा सोहळा आणि कृतींचे विस्मरण

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अमेरिकेत 'एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स'चा सोहळा होतो आणि त्याच्या आगेमागे नियतकालिकांतून व संकेतस्थळांवरून त्याच्या 'अविस्मरणीय क्षणां'च्या याद्या प्रसिद्ध होतात. या याद्या आता जवळजवळ ठरून गेल्या आहेत. १९८४ साली वधूवेषातील मॅडोनाचे रंगमंचावर लोळणे. १९९४ साली मायकेल जॅक्सनने लिसा मेरी प्रेस्लीचे घेतलेले चुंबन. २००१ साली ब्रिटनी स्पीअर्सच्या खांद्यावरचा अजगर. २००३ साली मॅडोना आणि ब्रिटनी यांचे चुंबन. २००९ साली कान्ये वेस्टने टेलर स्विफ्टच्या हातून काढून घेतलेला माइक. २०१० साली लेडी गागाचा कच्च्या मांसाचा पोशाख. २०१३ साली मायली सायरसचे नृत्य. क्रम थोडाफार बदलतो, नावे बदलत नाहीत.

या याद्या वाचताना एक साधी गोष्ट लक्षात यायला हवी आणि ती सहसा येत नाही. हा पुरस्कार व्हिडिओंचा आहे. पण त्याच्या स्मरणीय क्षणांत एकही व्हिडिओ नाही. एखाद्या कादंबरी-पुरस्काराचा चाळीस वर्षांचा इतिहास कोणी लिहिला आणि त्यात एकाही कादंबरीचा उल्लेख नसला, तर त्याला आपण इतिहास म्हणणार नाही. येथे मात्र नेमके तसेच घडले आहे आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की, 'अविस्मरणीय क्षण' हे विस्मरणाचे एक प्रभावी साधन आहे. कलाकृती आणि तिच्याविषयीचा निवाडा ही दोन्ही त्याच्यामुळे दृष्टीआड होतात. दूरचित्रवाणीने हे साधन घडविले, हे खरे. पण समीक्षेच्या व्यवहाराने ते निमूटपणे स्वीकारले, हे अधिक चिंताजनक आहे.

प्रथम थोडा इतिहास. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. गाण्यांच्या चित्रफिती दिवसभर दाखविणे हा तिचा व्यवसाय. या चित्रफिती ध्वनिमुद्रण कंपन्या तयार करवून घेत आणि गाण्यांच्या प्रसिद्धीसाठी वाहिनीला पुरवीत. म्हणजे हा प्रकार जन्मतः जाहिरातीचा. परंतु कलाप्रकाराचे कूळ पाहून त्याची किंमत ठरविता येत नाही; स्तुतिपर काव्य आणि राजाश्रयाची शिल्पे अभ्यासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तीन-चार मिनिटांच्या या प्रकारात पाहता पाहता दिग्दर्शकांची, संकलकांची, छायालेखकांची एक पिढी घडू लागली. १४ सप्टेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या 'रेडिओ सिटी म्युझिक हॉल'मध्ये पहिला पुरस्कारसोहळा झाला, तेव्हा त्यात गायक-गायिकांच्या बरोबरीने दिग्दर्शन, संकलन, छायालेखन, कलादिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन यांनाही स्वतंत्र पुरस्कार होते. हा एक सामूहिक कलाप्रकार आहे, याची ही औपचारिक कबुली होती.

त्या रात्री सर्वाधिक, म्हणजे पाच, पुरस्कार मिळाले ते हर्बी हॅन्कॉक या जॅझ संगीतकाराच्या 'रॉकिट'ला. केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम यांनी दिग्दर्शित केलेल्या या व्हिडिओत एका घरात जिम व्हायटिंगने बनविलेल्या यांत्रिक आकृती तालावर हातपाय झाडीत राहतात आणि स्वतः हॅन्कॉक दिसतो तो त्या घरातल्या एका दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर. त्या काळी या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंत फार थोडे दिसत. १९८३ साली डेव्हिड बोवीने एमटीव्हीवरच्याच मुलाखतीत मुलाखतकाराला त्याबद्दल जाब विचारला होता. ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे यंत्रमानवांच्या घरात, पेटीच्या आत, एवढ्याशा चौकटीत दिसणारा तो कृष्णवर्णीय वादक पाहताना पुष्कळ काही उलगडते. येथे विश्लेषणाला भरपूर वाव आहे. पण १९८४ म्हटले की कोणाला 'रॉकिट' आठवत नाही. आठवते ती मॅडोना.

मॅडोनाला त्या रात्री एकही पुरस्कार मिळाला नव्हता. भल्यामोठ्या केकवरून उतरून तिने जे 'लाइक अ व्हर्जिन' गायिले ते गाणे तोवर बाजारातही आले नव्हते. मेरी लॅम्बर्टने दिग्दर्शित केलेला त्याचा व्हिडिओ त्यानंतरचा. म्हणजे ज्या क्षणाने व्हिडिओ-पुरस्काराची ओळख कायमची ठरवून टाकली, त्या क्षणामागे लोकांनी पाहिलेला व्हिडिओच नव्हता. पुढे मॅडोनाने स्वतः सांगितले की, पायातला बूट निसटला, तो घेण्यासाठी ती खाली झेपावली आणि मग लोळणे हाच नृत्याचा भाग असल्यासारखे तिने ते निभावून नेले. प्रसंगावधान म्हणून हे दाद देण्याजोगे आहे. परंतु एका निसटलेल्या बुटाने पाच पुरस्कारांची कृती झाकून टाकावी, हे त्या रात्रीचे खरे फलित आहे, आणि पुढची चाळीस वर्षे त्याचीच पुनरावृत्ती झाली.

याची उलट बाजूही पाहावी. १९८७ साली पीटर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ला एकाच रात्रीत नऊ पुरस्कार मिळाले. एका व्हिडिओने मिळविलेल्या पुरस्कारांचा हा विक्रम आजही अबाधित आहे. स्टीफन जॉन्सनने दिग्दर्शित केलेल्या या व्हिडिओत 'आर्डमन' ही ब्रिटिश अॅनिमेशन संस्था आणि क्वे बंधू यांचे काम आहे. एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपायची आणि मग त्या सांधायच्या, अशा तंत्राने तो तयार झाला. गॅब्रिएल काचेखाली सोळा तास निजून राहिला होता, असे सांगतात. मानवी चेहरा हाच कधी फळांचा, कधी मातीचा, कधी बर्फाचा होत जातो. या कलाप्रकाराच्या इतिहासात याहून महत्त्वाची रात्र दाखविणे कठीण आहे. पण १९८७ चा 'अविस्मरणीय क्षण' कोणता? याद्यांमध्ये ते वर्ष सहसा आढळतच नाही. कोणी पडले नाही, कोणी भांडले नाही, कोणी कोणाचे चुंबन घेतले नाही. म्हणून काहीच घडले नाही!

तथापि या साऱ्या प्रक्रियेचा सर्वांत स्पष्ट पुरावा २००३ च्या सोहळ्यात सापडतो. २८ ऑगस्टच्या त्या रात्री मॅडोना, ब्रिटनी स्पीअर्स आणि क्रिस्टिना अग्विलेरा यांनी १९८४ च्या त्याच प्रसंगाची आठवण जागविणारे सादरीकरण केले. दोघी तरुणी वधूवेषात, मॅडोना काळ्या वेषात वरासारखी. तिने दोघींचेही चुंबन घेतले. परंतु पहिल्या चुंबनाबरोबर कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या जस्टिन टिंबरलेककडे वळला, कारण त्याचे आणि ब्रिटनीचे प्रेमप्रकरण मोडले होते आणि त्याची प्रतिक्रिया टिपायची होती. तेवढ्यात दुसरे चुंबन होऊन गेले आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना ते जेमतेमच दिसले. रंगमंचावर घडलेले आणि स्मरणात राहिलेले यांत जे अंतर पडले ते एका कटने पाडले. अग्विलेरा त्या क्षणात होती, पण स्मरणात उरली नाही. 'क्षण' घडत नाही, तो संकलित होतो, याचे याहून नेमके उदाहरण वर्गात शिकवायला मिळणार नाही.

त्याच रात्री आणखी काही घडले होते. जॉनी कॅशच्या 'हर्ट' या व्हिडिओला सहा विभागांत नामांकने होती. 'नाइन इंच नेल्स' या गटाचे मूळ गाणे सत्तरीतल्या, आजाराने खंगलेल्या कॅशने गायिले आणि मार्क रोमानेकने ते त्याच्या टेनेसीतील घरी व बंद पडलेल्या त्याच्याच संग्रहालयात चित्रित केले. तरुण कॅशची जुनी दृश्ये आणि आजचा थरथरता हात यांची सरमिसळ, जिन्यावर उभे राहून पतीकडे पाहणारी जून कार्टर, शेवटी पियानोचे मिटले जाणारे झाकण. कीर्तीच्या व्यर्थतेवर इतके कठोर भाष्य ज्या वाहिनीवर झाले, त्या वाहिनीचा सारा व्यवसाय कीर्तीवर चालत होता. जून कार्टर मे २००३ मध्ये गेली होती. कॅश आजारपणामुळे सोहळ्याला येऊ शकला नाही. सहापैकी पुरस्कार मिळाला तो एक, छायालेखनाचा. आणि तो ज्याला मिळाला तो छायालेखक झाँ-इव्ह एस्कोफिए एप्रिलमध्येच मृत्यू पावला होता. सोहळ्यानंतर पंधरा दिवसांनी, १२ सप्टेंबरला, कॅशही गेला.

त्या रात्री पुरुष गायकाच्या सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार कॅशला डावलून ज्याला मिळाला, त्याने तो स्वीकारताना व्यासपीठावरून सांगितले की हा निकाल म्हणजे विटंबना आहे, आणि फेरमोजणीची मागणी केली. तो गायक म्हणजे जस्टिन टिंबरलेकच. एका पुरस्कारविजेत्याने स्वतःला मिळालेल्या पुरस्काराविरुद्ध, दुसऱ्याच्या कृतीच्या बाजूने जाहीरपणे मत द्यावे, ही वाङ्मयीन सोहळ्यांतही दुर्मीळ अशी गोष्ट आहे. तो एक समीक्षात्मक निवाडा होता आणि तो बरोबर होता. आज त्या रात्रीचा टिंबरलेक आठवतो तो मात्र त्या एका कटमधला: माजी प्रेयसीचे चुंबन पाहणारा चेहरा. त्याचे मत विसरले गेले, मुद्रा शिल्लक राहिली. 'क्षण' नावाची यंत्रणा काय करते ते यापेक्षा वेगळे सांगण्याची गरज नाही.

वाहिनीच्या सत्तेच्या बाबतीतही हेच घडते. १९९२ च्या सोहळ्यात 'निर्वाणा'ने वाहिनीला नको असलेल्या गाण्याचे पहिले काही सूर वाजविले, अधिकाऱ्यांची तारांबळ उडवून दिली आणि मग ठरलेले 'लिथियम' गायिले. अखेरीस बास गिटार हवेत भिरकावणाऱ्या क्रिस्ट नोव्होसेलिकच्या कपाळावर ती आदळली. हा प्रसंग बंडखोरीचा नमुना म्हणून रंगवून सांगितला जातो. वस्तुतः काही सेकंदांच्या खोडीनंतर वाहिनीला हवे होते तेच झाले. दुसऱ्याच वर्षी, १९९३ साली, 'पर्ल जॅम'च्या 'जेरेमी'ला वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओसह चार पुरस्कार मिळाले. टेक्सासमध्ये एका विद्यार्थ्याने वर्गात सर्वांसमोर केलेल्या आत्महत्येवरून हे गाणे सुचले होते. मार्क पेलिंग्टनने केलेल्या व्हिडिओत शेवटी मुलगा पिस्तूल स्वतःच्या तोंडात धरतो. वाहिनीच्या नियमांमुळे पिस्तूल चौकटीबाहेर ठेवावे लागले. उरला तो मुलाचा चेहरा आणि रक्ताने माखलेले, थिजलेले सहाध्यायी. परिणामी असंख्य प्रेक्षकांनी असा अर्थ लावला की मुलाने वर्गमित्रांवरच गोळ्या झाडल्या. एका काटछाटीने आत्महत्येचे हत्याकांड झाले, बळीचा मारेकरी झाला, आणि त्या रूपातील कृतीला वाहिनीने स्वतःच गौरविले. मूळ शेवट असलेली आवृत्ती अधिकृतपणे सर्वांसमोर आली ती २०२० साली. सेन्सॉरशिप अर्थनिर्मितीत कशी हस्तक्षेप करते, याचे हे ठळक उदाहरण कोणत्याही क्षणयादीत नाही. नोव्होसेलिकच्या कपाळाचा टेंगूळ मात्र आहे.

या सोहळ्याविषयी बोलणारे सर्वसाधारणपणे दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष नीतिवाद्यांचा. त्यांना हे सारे असभ्य, उथळ आणि संस्कृतीला घातक वाटते. दुसरा पक्ष सांस्कृतिक अभ्यासाची परिभाषा आत्मसात केलेल्यांचा. त्यांना याच क्षणांत सत्तासंबंधांना दिलेला छेद, लिंगभावाचे विडंबन आणि देहाचे राजकारण दिसते. हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत असे त्यांचे त्यांना वाटते. पण पाहण्याजोगे काय आहे याविषयी त्यांचे पूर्ण एकमत आहे. दोघेही वाहिनीने निवडून दिलेली तीच दहा दृश्ये पाहतात. एक त्यांवर नाक मुरडतो, दुसरा त्यांवर निबंध लिहितो. निवड मात्र दोघांचीही नाही. आणि ज्याला आपली सामग्री स्वतः निवडता येत नाही, त्याच्या विश्लेषणाला कितीही धार असली तरी ते दुसऱ्याच्या जाहिरातीचे तळटीपकाम ठरते.

गागाच्या मांसवस्त्राचे उदाहरण माझ्याविरुद्ध दिले जाईल, म्हणून ते आधीच विचारात घेतो. त्या सोहळ्याला ती अमेरिकी सैन्यातील समलिंगीयांवरील निर्बंधाला विरोध म्हणून माजी सैनिकांना सोबत घेऊन आली होती, आणि पोशाखाचा अर्थही तिने हक्कांच्या त्या लढ्याशी जोडून सांगितला. तो निर्बंध रद्द करणारा कायदा डिसेंबर २०१० मध्ये झाला. तेव्हा या क्षणाला राजकीय आशय नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण परिणाम पाहा. त्या रात्री तिला आठ पुरस्कार मिळाले. तो पोशाख घालून तिने जो पुरस्कार स्वीकारला तो फ्रान्सिस लॉरेन्सने दिग्दर्शित केलेल्या 'बॅड रोमान्स'साठी होता. त्या व्हिडिओत स्त्रीदेहाचा लिलाव आहे, विक्री आहे, आणि अखेर खरेदीदाराची राख आहे. देह म्हणजे बाजारातले मांस, हे पोशाखाने एका वाक्यात सांगितले आणि व्हिडिओने त्याचा पाच मिनिटांचा विस्तार केला. दोन्ही एकत्र वाचायला हवीत. प्रत्यक्षात पोशाख वाळवून, प्रक्रिया करून क्लीव्हलंडच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये ठेवला गेला आणि व्हिडिओचा संदर्भ चर्चेतून गळून पडला. राजकीय आशयही क्षणात टिकत नाही. त्याला कृतीचा आधार लागतो.

आता २००९. टेलर स्विफ्टला पुरस्कार मिळताच कान्ये वेस्ट मंचावर चढला आणि बियॉन्सेचा व्हिडिओ हा सर्वकाळातील उत्तम व्हिडिओंपैकी एक आहे, अशा आशयाचे बोलून गेला. त्याचे वर्तन उद्दाम होते, एकोणीस वर्षांच्या मुलीचा आनंद हिरावून घेणारे होते, यात शंका नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामांपर्यंत सर्वांनी त्याला दूषणे दिली. पण तो जे बोलला ते विधान होते, त्याला आशय होता आणि तो तपासता आला असता. 'सिंगल लेडीज' हा जेक नावाने दिग्दर्शित केलेला कृष्णधवल व्हिडिओ; तीन नर्तकी, रिकामी पार्श्वभूमी, आणि बॉब फॉसीच्या १९६९ मधील एका नृत्यरचनेचे उघड ऋण. हे ऋण म्हणजे उसनवारी की नवनिर्मिती? स्विफ्टच्या व्हिडिओतील शाळकरी प्रेमकथेपेक्षा तो खरोखर श्रेष्ठ आहे काय? असल्यास कोणत्या निकषावर? कोट्यवधी लोकांनी ते भांडण पाहिले आणि एवढ्या गदारोळात हे प्रश्न जवळजवळ कोणीच विचारले नाहीत. चर्चा झाली ती शिष्टाचाराची.

पंधरा वर्षांपूर्वी असेच घडले होते. १९९४ साली दिग्दर्शनाचा पुरस्कार 'आर.ई.एम.'च्या 'एव्हरीबडी हर्ट्स'ला मिळाला तेव्हा 'बीस्टी बॉइज'चा अॅडम याउख एका काल्पनिक स्विस काकांच्या वेषात मंचावर घुसला आणि स्पाइक जोन्झने दिग्दर्शित केलेल्या 'सॅबोटाज'वर अन्याय झाल्याचा कांगावा करू लागला. 'सॅबोटाज'ला त्या वर्षी पाच नामांकने होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. गंमत अशी की २००९ च्या सोहळ्यात वाहिनीने 'ज्याला पुरस्कार मिळायला हवा होता' अशा जुन्या व्हिडिओसाठी एक खास विभाग ठेवला होता आणि तो 'सॅबोटाज'ने जिंकला. म्हणजे ज्या रात्री वेस्टने माइक हिसकावला, त्याच रात्री याउखची तक्रार पंधरा वर्षांनी मान्य झाली. काळाने निवाडा दुरुस्त करणे ही वाङ्मयेतिहासातली एक मूलभूत घटना. ती येथे साक्षात घडत होती आणि तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

कोणी म्हणेल, सादरीकरण हीदेखील कला आहे. व्हिडिओचाच आग्रह कशाला? मान्य आहे. १९९९ साली हाच स्पाइक जोन्झ आपल्या बनावट हौशी नृत्यगटासह 'प्रेझ यू' सादर करून गेला. २०१४ साली बियॉन्सेने प्रचंड पडद्यावर 'स्त्रीवादी' हा शब्द उभा करून त्यामागे चिमामांडा न्गोझी अदिचीच्या भाषणाचा आवाज योजला. ही सादरीकरणे विचारपूर्वक रचलेली आहेत. मग त्यांना रचना म्हणूनच पाहा. आरंभ, मध्य, शेवट तपासा. शब्द आणि देह यांचे नाते तपासा. 'क्षण' म्हणून त्यांतले तीस सेकंद कापून घेणे हा सादरीकरणावरही अन्यायच आहे.

दूरच्या देशातील या करमणुकीची उठाठेव साहित्याच्या अध्यापकाने का करावी? कारण हा रोग परका नाही. आपल्याकडे कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनातील अध्यक्षा दुर्गा भागवत सर्वांना ठाऊक असतात. आणीबाणीच्या विरोधात, सत्ताधाऱ्यांच्या उपस्थितीत त्या उभ्या राहिल्या, हा प्रसंग मराठी संस्कृतीचा अभिमानबिंदू आहे आणि असायलाच हवा. मांसवस्त्राशी त्याची तुलना करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. पण तो प्रसंग पाठ असणाऱ्यांपैकी 'व्यासपर्व' किती जणांनी उघडले, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. त्यांचे धैर्य त्यांच्या विचारातून आले आणि तो विचार पुस्तकांत आहे. प्रसंग घेऊन पुस्तक सोडणे म्हणजे धैर्यालाही सुटे करून टाकणे होय. संमेलन म्हटले की वाद, लेखक म्हटला की किस्सा, कविता म्हटली की एक ओळ, अशी जी सवय आपल्या चर्चेला लागली आहे, तीच एमटीव्हीच्या यादीत ढळढळीत स्वरूपात दिसते, एवढेच.

१९९२ च्या अखेरीपर्यंत एमटीव्ही व्हिडिओबरोबर दिग्दर्शकाचे नावही दाखवीत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. ही वाहिनी केव्हाच गाण्यांपासून दूर गेली. २०२५ मध्ये तर हा सोहळा प्रथमच सीबीएस या सर्वसाधारण वाहिनीवरूनही दाखविला गेला. पण येथे उल्लेखिलेले बहुतेक सारे व्हिडिओ आता घरबसल्या पाहता येतात. उपलब्धतेची सबब संपली आहे. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तीच यादी येईल. तेव्हा तीतील कोणतेही एक वर्ष घ्यावे, त्या वर्षीच्या दिग्दर्शनाचा, संकलनाचा आणि छायालेखनाचा मानकरी शोधावा, ते व्हिडिओ दोनदा पाहावेत आणि निकाल योग्य होता की अयोग्य, ते कारणांसह लिहावे. या कामाला फार तर एक तास लागेल. समीक्षा म्हणतात ती एवढ्यापासूनच सुरू होते. बाकी सारे प्रेक्षकांत बसून कॅमेरा कोणाकडे वळतो याची वाट पाहणे आहे.